अभिक्रियेची उष्णता काढायला शिकताय? आधी माझ्या चुका वाचून घ्या

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, अकरावीला पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो आणि पहिल्याच चाचणीत एका गणिताचं उत्तर १,१६,६२२ ज्यूल काढलं. प्रश्न अगदी साधा होता. १०० ग्रॅम पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढलं, तर पाण्याने किती उष्णता घेतली? खरं उत्तर अडीच हजारांच्या आसपास. मी त्या ६ मध्ये २७३ मिळवले होते, कारण ‘तापमान नेहमी केल्व्हिनमध्ये घ्यायचं’ हे वाक्य मला पाठ होतं. सरांनी उत्तराभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘पाणी २७९ अंशांनी तापलं, मग कप कुठाय?’

आता मी स्वतः अकरावी-बारावीच्या मुलांची गणितं घेतो आणि दरवर्षी कोणीतरी तो कप वितळवतंच. या प्रकरणातलं गणित म्हणाल तर गुणाकार, बेरीज, वजाबाकी, बस्स. मुलं अडतात ती चिन्हावर, पदार्थाच्या अवस्थेवर आणि ‘मोलला म्हणजे नक्की कशाच्या मोलला’ या प्रश्नावर (एक मोल म्हणजे पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम). म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सूत्रांपेक्षा खड्डेच जास्त दाखवले आहेत.

जवळ काय हवं

- पाठ्यपुस्तकातला निर्मिती एन्थाल्पीचा तक्ता (एन्थाल्पीतला बदल म्हणजे स्थिर दाबाला घेतलेली किंवा सोडलेली उष्णता; निर्मिती एन्थाल्पी म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना होणारा हा बदल). त्याची झेरॉक्स काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.
- लॉग टेबल. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतं. बारावी बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे सराव करतानाही मोबाईल बाजूला ठेवा.
- घरी प्रयोग करायचा असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, निदान अर्धा अंश नीट दाखवणारा थर्मामीटर आणि दोन कागदी कप. जुन्या प्रयोगवह्यांमध्ये थर्मोकोलचा कप लिहिलेला असतो, पण मार्च २०१८ मध्ये राज्यात त्यावर बंदी आली. एका कागदी कपात दुसरा कप बसवून वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं की काम भागतं.
- आलेख कागद. हा ऐच्छिक वाटतो, पण नाही. का ते पुढे येईलच.

१. वही कोणाची ते आधी ठरवा

किराणा दुकानात तुम्ही शंभर रुपये दिलेत, तर तुमच्या वहीत शंभर उणे आणि दुकानदाराच्या वहीत शंभर अधिक. पैसे तेच, चिन्हं दोन. उष्णतेचंही असंच असतं. रसायनशास्त्रात आपण कायम अभिक्रियेची वही लिहितो. अभिक्रियेने उष्णता बाहेर टाकली तर ती उष्मादायी, तिच्या वहीत उणे. आत घेतली तर उष्माग्राही, अधिक.

घोळ होतो तो थर्मामीटरमुळे. थर्मामीटर बुडालेला असतो पाण्यात, म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यात. तो वाचतो ती पाण्याची जमा. पाण्याला अधिक २५०० ज्यूल मिळाले असतील, तर अभिक्रियेच्या नावावर उणे २५०० लिहायचे. हे उलटं करायचं राहून गेलं की सगळं बरोबर असूनही अर्धे गुण जातात.

दुसरा खड्डा शब्दातच दडलेला आहे. ‘उष्माग्राही म्हणजे उष्णता घेणारी, मग ती गरम व्हायला हवी ना?’ असं पहिल्या तासाला हमखास कोणीतरी विचारतं. ती उष्णता घेते ती आजूबाजूच्या पाण्याकडून, म्हणून पाणी थंड पडतं. हाताला गार लागलं तर उष्माग्राही.

२. समीकरण लिहा, आणि प्रत्येक पदार्थाची अवस्थाही

समीकरण संतुलित हवं हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्थायू, द्रव, वायू हे कंसात लिहायचा कंटाळा केला जातो आणि नेमके तिथेच आकडे घसरतात. एक मोल पाणी वाफ होऊन बाहेर पडलं की द्रव राहिलं, यात २५ अंश सेल्सिअसला ४४ किलोज्यूलचा फरक आहे. चौथ्या पायरीत हा फरक चांगलाच जाणवेल.

शिवाय एक लक्षात ठेवा. २ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी (द्रव), असं समीकरण लिहिलं तर उष्णता −५७१.६ किलोज्यूल. एका मोल पाण्यापुरतं लिहिलं तर −२८५.८. दोन्ही बरोबर. प्रश्नात कुठलं विचारलंय ते दोनदा वाचा.

३. कपात मोजायचं असेल तर

सूत्र एकच: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक. विशिष्ट उष्माधारकता म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता; पाण्यासाठी ती ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. फरक सेल्सिअसमध्ये काढा नाहीतर केल्व्हिनमध्ये, आकडा तोच येतो. दोन्ही तापमानांत २७३ मिळवून वजाबाकी केली की ते २७३ आपोआप उडतात. फरकात मिळवायचे नसतात. झालं, माझी चाचणी इथे संपली.

घरी करायला सगळ्यात सोयीचा आणि निरुपद्रवी पदार्थ म्हणजे युरिया. शेती असलेल्या मित्राकडून मूठभर मागून घ्या. मी गावाहून येताना डबीत आणतो. हल्लीचा युरिया निमतेलाचा लेप दिलेला असतो, त्यामुळे वास कडवट येतो आणि दाणे सावकाश विरघळतात. जुन्या खलबत्त्यात बारीक करून घ्या (तो खलबत्ता परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही).

१०० ग्रॅम पाणी कपात घ्या. माठातलं नको! उन्हाळ्यात पुण्यात खोली पस्तीसवर असते आणि माठातलं पाणी त्याहून बरंच गार. ते आपलं आपण तापत राहतं आणि तुमचं वाचन बिघडवतं. नळाचं पाणी दोन-तीन तास खोलीत ठेवून द्या, म्हणजे दोघांचं तापमान एक होईल.

दर अर्ध्या मिनिटाने तापमान लिहा. चार-पाच वाचनं स्थिर आली की १० ग्रॅम युरिया एकदम टाका, ढवळा आणि पुढची पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाने लिहीत राहा. तापमान भरभर खाली येईल, तळाला टेकेल आणि मग हळूहळू वर सरकायला लागेल, कारण खोली पाण्याला ऊब देत असते. ही ऊब युरिया विरघळत असतानाही मिळतच होती; म्हणजे थर्मामीटरने दाखवलेला तळ हा खरा तळ नव्हे. यासाठीच आलेख कागद. वर सरकणाऱ्या बिंदूंमधून एक सरळ रेषा काढा आणि ती मागे, युरिया टाकला त्या क्षणापर्यंत ओढा. तिथे जे तापमान येईल ते घ्यायचं.

एका मुलाच्या वहीतले आकडे देतो. सुरुवात २८.० अंश, आलेखावरून शेवट २२.९. फरक ५.१.

द्रावणाचं वस्तुमान ११० ग्रॅम. शंभर नव्हे, कारण विरघळलेला युरियाही आता द्रावणातच आहे.
उष्णता = ११० × ४.१८ × ५.१ = २३४५ ज्यूल, म्हणजे २.३४५ किलोज्यूल.
पाण्याने एवढी गमावली, म्हणून युरियाच्या नावावर +२.३४५.
युरियाचं रेणुवस्तुमान ६०. १० ग्रॅम म्हणजे ०.१६६७ मोल.
मोलला २.३४५ ÷ ०.१६६७ = सुमारे +१४.१ किलोज्यूल.

पुस्तकी आकडा १५ च्या आसपास आहे. कागदी कपात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, हे उत्तर मला फार आवडतं. कमी का आलं तेही सांगता येतं: कपाने स्वतःची थोडी उष्णता दिली, खोलीने थोडी दिली, म्हणून पाणी व्हायला हवं तितकं गार झालं नाही.

कॉलेजात हाच प्रयोग आम्ल आणि आम्लारी घेऊन करतात. ५० मिलि हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिलि सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही १ मोलार (म्हणजे लिटरमागे एक मोल). आमच्या बॅचमध्ये माझं तापमान ६.२ अंश वाढलं. १०० × ४.१८ × ६.२ = २५९२ ज्यूल. अभिक्रिया झाली ०.०५ मोलची, म्हणून उत्तर मोलला −५१.८ किलोज्यूल. पुस्तकात सुमारे −५७. शेजारच्या सगळ्या वह्यांमध्ये ५७ पूर्णांक काहीतरी होतं, म्हणून मीही खोडून ५७.१ केलं. बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, ‘तुझ्या कपातून उष्णता अजिबात बाहेर गेली नाही? असा कप मलाही आणून दे.’ प्रयोगवहीत आलेलंच उत्तर लिहा आणि खाली तोटा कुठे झाला ते दोन ओळींत लिहा.

याच गणितातला एक नेहमीचा खड्डा: एकूण द्रावण १०० मिलि आहे म्हणून मोल ०.१ धरणे. आम्ल ५० मिलिच आहे. वस्तुमानाला शंभर, मोलला पन्नास. असं केलं नाही की उत्तर बरोब्बर निम्मं येतं, आणि निम्मं आलं की ही चूक झाली हेही लगेच कळतं.

४. तक्त्यावरून काढायचं असेल तर

प्रत्येक अभिक्रिया कपात होत नाही. मग तक्ता उघडायचा. उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज, वजा अभिक्रियाकारकांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज. प्रत्येक आकड्याला समीकरणातल्या सहगुणकाने गुणायचं.

पुण्यात बऱ्याच घरी आता नळाने गॅस येतो. तो मुख्यतः मिथेन. तोच जाळून बघू.

मिथेन (वायू) + २ ऑक्सिजन (वायू) → कार्बन डायऑक्साइड (वायू) + २ पाणी (द्रव)

तक्त्यातले आकडे, किलोज्यूल प्रति मोल: मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, द्रव पाणी −२८५.८. ऑक्सिजन शून्य, कारण मूलद्रव्य त्याच्या नेहमीच्या अवस्थेत असलं की शून्य धरायचं. (ओझोन शून्य नाही आणि हिराही नाही. कार्बनसाठी शून्य ग्रॅफाइटचं.)

उत्पादितं: −३९३.५ + २ × (−२८५.८) = −९६५.१
त्यातून अभिक्रियाकारक वजा: −९६५.१ − (−७४.८) = −८९०.३

या दोन उणे चिन्हांवर अर्धा वर्ग घसरतो. कंस घाला, आळस करू नका.

आता पाणी वाफ म्हणून धरा, आकडा −२४१.८. उत्तर येतं −८०२.३. फरक ८८, म्हणजे दोन मोल पाण्याचे दोनदा ४४. शेगडीवर तर पाणी वाफ होऊनच निघून जातं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या हिशेबाला दुसरा आकडा खरा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायचं म्हटलं (पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं) तर १००० × ४.१८ × ७३ = सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम मिथेन ५० किलोज्यूल देतो, म्हणजे सहा ग्रॅम गॅस पुरायला हवा. प्रत्यक्षात जास्त जळतो, कारण बरीचशी उष्णता पातेल्याच्या कडेने वर निघून जाते.

दुसरं उदाहरण कळीच्या चुन्याचं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती या विझवलेल्या चुन्यावर उभ्या आहेत.

कॅल्शियम ऑक्साइड (स्थायू) + पाणी (द्रव) → कॅल्शियम हायड्रॉक्साइड (स्थायू)
−९८६.१ − (−६३५.१ − २८५.८) = −६५.२ किलोज्यूल

पासष्ट म्हणजे मिथेनपुढे किरकोळ वाटतं. पण एक किलो चुन्यात जवळजवळ १८ मोल असतात. उष्णता ११६० किलोज्यूल, म्हणजे पावणेचार लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी! चुना विझवताना खड्ड्यातून रटरट आवाज का येतो हे मला या गणितानंतर कळलं. हा प्रयोग घरी करू नका. उडालेला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

५. थेट मोजता येत नसेल तर वळसा घ्या

सिंहगडावर अतकरवाडीहून पायवाटेने चढा नाहीतर गाडीरस्त्याने जा. घाम कमी-जास्त गळेल, पण पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक तोच राहणार. जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये उष्णतेबद्दल नेमकं हेच मांडलं: सुरुवात आणि शेवट ठरले की मधल्या वाटा कितीही बदला, एकूण उष्णता एकच.

उपयोग काय? कार्बन जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड करायचा म्हटलं तर जमत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. म्हणजे थेट मोजणं अशक्य. पण कार्बनपासून डायऑक्साइड मोजता येतो, −३९३.५. मोनॉक्साइडपासून डायऑक्साइडही मोजता येतो, −२८३.०. दुसरी अभिक्रिया उलटी करा, म्हणजे +२८३.०, आणि दोन्ही मिळवा. उत्तर −११०.५.

समीकरण उलटं केलं की चिन्ह उलटं. दुप्पट केलं की आकडा दुप्पट. दोन्ही बाजूंना तोच पदार्थ त्याच अवस्थेत असेल तरच खोडा. एवढंच. मुलं मात्र डोक्यातल्या डोक्यात करायला जातात. तीन समीकरणं एकाखाली एक लिहून काट मारत गेलात तर चुकायला जागाच उरत नाही.

६. बंधांवरून काढताना वजाबाकी उलटी

या पायरीवर मी अजूनही क्षणभर थांबतो. बंध तोडायला उष्णता लागते, जुळताना ती सुटते. म्हणून इथे तुटलेले बंध वजा जुळलेले बंध. म्हणजे अभिक्रियाकारक आधी. चौथ्या पायरीच्या बरोबर उलट.

मिथेनच पुन्हा घेऊ. तुटतात चार कार्बन-हायड्रोजन बंध (४ × ४१३) आणि दोन ऑक्सिजनचे दुहेरी बंध (२ × ४९८): एकूण २६४८. जुळतात दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध (२ × ७९९) आणि चार ऑक्सिजन-हायड्रोजन (४ × ४६३): एकूण ३४५०. वजाबाकी −८०२.

ओळखीचा आकडा आहे ना? −८९० नव्हे, −८०२. बंधांचे आकडे वायू अवस्थेचे असतात, त्यामुळे उत्तरही वाफेचंच आलं. प्रश्नात द्रव पाणी असेल तर मोलामागे ४४ किलोज्यूलची दुरुस्ती वेगळी करावी लागते. शिवाय हे आकडे सरासरी असतात, म्हणून इतका नेमका मेळ दरवेळी बसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

७. बंद भांड्यातलं मोजमाप

बॉम्ब कॅलरीमापीत, म्हणजे पदार्थ जाळून उष्णता मोजायच्या घट्ट बंद भांड्यात, आकारमान बदलत नाही, म्हणून तिथे मिळते ती अंतर्गत ऊर्जेतली तफावत. एन्थाल्पी हवी असेल तर त्यात वायूंच्या मोलांमधला फरक × ८.३१४ (वायू स्थिरांक) × केल्व्हिनमधलं तापमान मिळवायचं. इथे मात्र २७३ मिळवायचेच, कारण हे तापमान आहे, फरक नाही. मिथेनसाठी वायूंचे मोल तीनावरून एकावर येतात (द्रव पाणी मोजायचं नाही), फरक −२, आणि दुरुस्ती जेमतेम −५ किलोज्यूलची. खड्डा एककाचा आहे: ८.३१४ हे ज्यूलमध्ये, बाकी सगळं किलोज्यूलमध्ये. हजाराने भागायला विसरलात की दुरुस्ती मूळ उत्तरापेक्षा मोठी होते.

८. स्वतःला तपासायला एक गणित

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्युटेन आहे असं धरा (रेणुवस्तुमान ५८, निर्मिती एन्थाल्पी −१२५.७, बाकीचे आकडे वर आलेत). एक मोल ब्युटेन जळून चार मोल कार्बन डायऑक्साइड आणि पाच मोल पाणी होतं. सिलिंडर संपेपर्यंत एकूण किती उष्णता सुटेल?

सुमारे ६.५ लाख किलोज्यूल आलं तर तुम्ही पाण्याची वाफ धरलीत, शेगडीसाठी बरोबर. ७.०४ लाख आलं तर पाणी द्रव धरलंत, गणित म्हणून तेही बरोबर. ७.१२ लाख आलं तर पाणी वाफच धरलंय, पण ब्युटेनच्या उणे चिन्हाचा कंस सुटला. नुसतं २६५७ किंवा २८७७ आलं असेल, तर तो एका मोलचा हिशेब झाला; सिलिंडरमध्ये असे जवळजवळ २४५ मोल आहेत.